आगंतुक भाषांतरकारांचा शिष्टाचार

गेल्या कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास आम्ही रामपायलीस एका नातलगांकडे मुक्कामास होतो. चंदन नदीच्या काठी श्रीराम-बालाजीचे जुने देवस्थान असलेले हे गाव बालाघाट जिल्ह्यात मोडते. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा नागपूर-भंडारा मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्यप्रदेशातच राहिला. त्यामुळे येथील कित्येक घरांत आजही स्वयंपाकघराची भाषा मराठी आणि पाटी-पुस्तकाची भाषा हिंदी, अशी वाटणी दिसते. अशा एका घरात आमच्यापुढे एक वाङ्मयीन तंटा निवाड्यासाठी यावा, ही अपेक्षा आम्ही केली नव्हती.

तंटा असा. घरातील कॉलेजात जाणारी मुलगी ‘वन पीस’ नावाची जपानी चित्रकथा मोबाइलवर इंग्रजीतून वाचते. धाकट्या भावास इंग्रजी येत नाही, म्हणून ती प्रथम त्यास तोंडीच मराठी करून सांगत असे. पुढे त्याच्या आग्रहावरून तिने एका वहीत पानापानाचे संवाद मराठीत उतरवून काढले. ही वही गोंदियाच्या आतेभावाने सुट्टीत वाचावयास नेली, तिच्यावरून हिंदी तर्जुमा केला आणि स्वतःच्या नावावर मित्रमंडळींत फिरविला. “काकाजी, आधी मी सुरू केलं होतं ना! आणि माझं नाव कुठंच नाही,” असा तिचा दावा. आम्ही वही मागविली. अक्षर सुरेख, मराठी बरीच जिवंत, मुखपृष्ठावर रंगीत शाईने मुलीचे स्वतःचे नाव. ज्या एइइचिरो ओदा नामक चित्रकाराने ही कथा १९९७ पासून आठवड्यामागून आठवडा काढली, त्याचे नाव मात्र त्या वहीत नव्हते. आणि ज्यांच्या इंग्रजीवरून तिने मराठी केले त्या अनामिकांचेही नव्हते.

त्या वेळी आम्ही काही बोललो नाही. तथापि या लहानशा वादात भाषांतरव्यवहाराचा फार जुना प्रश्न दडलेला आहे असे आम्हांस वाटले. मूळ लेखकाने बोलाविले नाही, प्रकाशकाने सांगितले नाही, तरी केवळ आवडीपोटी जो दुसऱ्याची कृती आपल्या भाषेत आणतो, त्या आगंतुकाने कोणाशी कसे वागावे?

जपानी चित्रकथांच्या, म्हणजे ज्यांना ‘मांगा’ म्हणतात त्यांच्या, हौशी भाषांतरकारांचा एक स्वतंत्र संप्रदायच जगभर आहे. त्यांच्या उद्योगास ते ‘स्कॅनलेशन’ म्हणतात. जपानी मासिकाची पाने यंत्रावर टिपावयाची, हे एकाचे काम. फुग्यांतील जपानी अक्षरे पुसणारा दुसरा. अक्षरे चित्रावरच कोरलेली असल्यास ती काढल्यावर उघडी पडलेली जागा मूळ चित्रकाराच्या रेषेत पुन्हा भरून काढणारा तिसरा, आणि हे काम सर्वांत किचकट. मग भाषांतर करणारा, ते फुग्यात बसविणारा, अखेरचा हात फिरविणारा. या कामाचा छदामही कोणास मिळत नाही, निदान मिळू नये असा दंडक आहे. १९८०-९० च्या दशकांत जपानी चित्रपटमालिकांच्या ध्वनिचित्रफितींवर इंग्रजी ओळी घालून त्या टपालाने पाठविणारे हौशी असत. ते फितीच्या कोऱ्या किमतीपलीकडे काही घेत नसत, आणि ‘ही विक्रीसाठी अगर भाड्याने देण्यासाठी नाही’ असा इशारा पडद्यावरच छापीत. तोच बाणा या मंडळींनी पुढे चालविला.

आता कायद्याने पाहू जाता हा सारा व्यवहार आडवाटेचा आहे. लेखकाची परवानगी नाही म्हणजे नाही. पण नवल असे की, कायद्याच्या बाहेर उभ्या राहिलेल्या या लोकांनी आपापसांत नियमांचे एक बारीक जाळे विणले आहे. एका गटाने एखादी कथा हाती घेतली असेल तर दुसऱ्याने तिला हात लावू नये. लावलाच तर त्यास चोरटी शिकार म्हणतात व त्या गटाची अब्रू जाते. कित्येक महिने नवे प्रकरण आले नाही तर कथा बेवारस समजावी, पण तरीही आधी विचारावे. शेवटी किंवा आरंभी एक नामावळीचे पान असावे आणि ते कोणीही काढू नये. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, मूळ कृतीचे अधिकृत भाषांतर कोणी प्रकाशकाने विकत घेतले की हौशी गटाने काम थांबवावे, आणि वाचकांस ‘आता पुस्तक विकत घ्या’ असे सांगून बाजूस व्हावे.

हे नियम सर्वजण पाळतात असे नव्हे. साप्ताहिकांतील लोकप्रिय कथांच्या बाबतीत तर ते सर्रास धाब्यावर बसविले जातात. जपानात अंक अधिकृतपणे विक्रीस येण्यापूर्वीच त्याची पाने कोठून तरी फुटतात आणि मग कोण आधी इंग्रजी करतो याची शर्यत लागते. काही तासांच्या फरकाने जो पहिला, त्याच्याकडे सारे वाचक धावतात. दोन दिवस घेऊन नीट काम करणाऱ्यास मूठभर जाणकार उरतात. जून २०१० मध्ये जपानी व अमेरिकन प्रकाशकांनी एकत्र येऊन अशा स्थळांविरुद्ध मोहीम जाहीर केली आणि त्यांतील एक मोठे स्थळ दुसऱ्याच महिन्यात बंद पडले. पण शर्यतीस खरी खीळ घालण्याचा उपाय मूळ प्रकाशकांनी २०१९ च्या आरंभी केला. जपानात अंक निघतो त्याच दिवशी अधिकृत इंग्रजी व स्पॅनिश भाषांतर त्यांनी फुकट उपलब्ध करून दिले. मागाहून त्यांत थाई, इंडोनेशियन, व्हिएतनामी, पोर्तुगीज अशा भाषांची भर पडली. (पोर्तुगीज आहे आणि कोंकणी नाही, यावर आमच्या गोमंतकीय वाचकांनी हसावे की चिडावे हे त्यांचे त्यांनी ठरवावे. ही पोर्तुगीज ब्राझीलच्या गिऱ्हाइकासाठी आहे, एवढाच खुलासा.)

या शिष्टाचारातील एक गोष्ट मात्र आम्हांस फार विचार करावयास लावते. इंग्रजी हौशी भाषांतरावरून स्पॅनिश किंवा अन्य भाषेत भाषांतर करणाराने त्या इंग्रजी गटाची परवानगी घ्यावी, असा संकेत आहे. न घेतल्यास इंग्रजी गट रागावतो. म्हणजे ज्याने स्वतः लेखकास विचारलेले नाही तो, आपणास विचारले नाही म्हणून रुष्ट होतो! नामावळीचे पान कोणी फाडले तर ही मंडळी त्यास चोरी म्हणतात. २०११ पासून जानेवारी २०१८ पर्यंत चाललेले ‘बातोतो’ नावाचे एक वाचनस्थळ याच कारणाने त्यांच्यात लोकप्रिय होते, कारण तेथे गटाचे काम गटाच्या संमतीवाचून चढविता येत नसे. लेखकाच्या संमतीचा प्रश्न तेथेही कोणी काढीत नसे.

यास ढोंग म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण तसे म्हणणे पुरते खरे नाही. जे श्रम डोळ्यांपुढे झाले, ज्यांत आपले जागरण गेले, त्यांचा मान राखावा ही भावना खोटी नव्हे. उणीव एवढीच की त्या भावनेच्या कक्षेत समुद्रापलीकडचा चित्रकार येत नाही. तो या मंडळींस माणूस वाटत नाही, हवामानासारखा वाटतो: दर आठवड्यास पान येते, पाऊस पडावा तसे. वस्तुतः साप्ताहिकाचा मांगाकार हा जगातील सर्वांत राबलेल्या कलावंतांपैकी एक असतो. आठवड्यास सुमारे वीस पाने, वर्षानुवर्षे. त्याच्या नावास वहीत जागा नसावी हे कायद्यापेक्षा माणुसकीच्या दृष्टीने अधिक खटकते.

याच्या उलट उदाहरणही जपाननेच दिले आहे. केइजी नाकाझावा हा हिरोशिमाच्या अणुबॉम्बमधून वाचलेला चित्रकार. वडील, बहीण व भाऊ त्याने त्या दिवशी गमावले. त्या अनुभवावर त्याने १९७३ पासून ‘हादाशी नो गेन’ ही दीर्घ चित्रकथा काढली. ती जगाने वाचावी म्हणून १९७६ साली टोकियोत काही स्वयंसेवक जमले आणि त्यांनी ती बिनमोल इंग्रजीत आणण्यास आरंभ केला. हेही हौशीच, पण यांनी लेखकास विचारले. तो त्यांच्या बाजूस उभा राहिला. पुढे तोमोको किकुची या जपानी विदुषीने ‘नंगे पैर गेन’ या नावाने ती हिंदीत आणली. हौस आणि अनुमती यांचे वैर नाही, एवढे यावरून कळते.

आता आमच्याच घरात डोकवावे. मराठीतील आगंतुकांची परंपरा मांगापेक्षा कितीतरी जुनी आहे. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संशयकल्लोळ’ १९१६ साली गंधर्व मंडळीने रंगभूमीवर आणले. त्याचे पूर्वरूप ‘फाल्गुनराव’ १८९३ चे. पण त्याच्या मागे आर्थर मर्फीचे १७६१ चे इंग्रजी नाटक आणि त्याच्याही मागे मोलियेरचे १६६० चे फ्रेंच प्रहसन. जपानी-इंग्रजी-मराठी-हिंदी अशी जी साखळी रामपायलीच्या वहीत दिसते, ती येथे फ्रेंच-इंग्रजी-मराठी अशी आहे. शणै गोंयबाबांनीही मोलियेरला कोंकणीच्या अंगणात आणले. मर्फी-मोलियेर यांस जाऊन बराच काळ लोटला होता. त्यांस विचारावयाचे कसे? तेथे प्रश्न अनुमतीचा नव्हता.

तो उभा राहिला बंगालीच्या बाबतीत. काशिनाथ रघुनाथ आजगावकर यांस बंगालीचे इतके वेड की त्यांनी ‘मित्र’ हे बंगाली वळणाचे नाव धारण केले, आणि १८९५ पासून निघालेल्या त्यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने बंगाली कथेस मराठी वाचकाच्या माजघरात नेऊन बसविले. वि. सी. गुर्जरांनी विशेषतः प्रभातकुमार मुखोपाध्यायांच्या कथांवरून रूपांतरे केली आणि ती इतकी मराठी वठली की वाचकांस परकेपणाचा वासही येईना. मामा वरेरकरांनी शरच्चंद्र व बंकिमचंद्र मराठीत आणले. या उद्योगास कायद्याची एक फट होती, तिचे स्मरण आज फारसे कोणी करीत नाही. १९१४ च्या हिंदुस्थानच्या कायद्याने येथे प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या भाषांतराचा एकाधिकार लेखकास फक्त दहा वर्षे दिला होता; त्या मुदतीत त्याने स्वतः एखाद्या भाषेत भाषांतर करविले नाही, तर त्या भाषेचे दार सर्वांस मोकळे. म्हणून त्या काळात एकाच बंगाली कादंबरीवर चार जणांची झडप पडू शकत असे. तेव्हाही चढाओढ होतीच. पण नियतकालिकांतून पुष्कळदा ‘एका बंगाली गोष्टीच्या आधारे’ एवढ्या मोघम ओळीवर काम भागे, कधी तीही नसे. वाचकास कथा मिळे, कथेचा धनी मिळत नसे. आज संशोधक त्या जुन्या फायली उघडून ‘ही कोणाची, ती कोणाची’ असे जुळवीत बसतात तेव्हा नामावळीच्या एका पानाची किंमत कळते. त्या एका बाबतीत स्कॅनलेशनवाले पोरसवदा लोक आमच्या वाडवडिलांपेक्षा शिस्तीचे निघाले, हे कबूल केले पाहिजे.

चढाओढ ही सर्वस्वी अनिष्टच, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. रामपायलीहून नागपूरकडे जाताना थोडी वाट वाकडी केली तर रामटेक लागते. महामहोपाध्याय मिराशींनी मेघदूतातील रामगिरी तो हाच असे प्रतिपादिले. त्या एका खंडकाव्याची मराठी भाषांतरे कृष्णशास्त्री चिपळूणकरांपासून चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, बा. भ. बोरकर, शांताबाई शेळके अशी होतच राहिली. कोणी कोणाची शिकार पळविली असे तेथे कोणास वाटले नाही. प्रत्येक नव्या भाषांतराने आधीच्याची कसोटी पाहिली आणि रसिकास दोन्ही ताडून पाहण्याचे सुख मिळाले. शर्यत घड्याळाशी असली की भाषांतर बिघडते. ती मूळ कृतीशी असली की सुधारते.

मांगातही हे घडलेले आहे. ‘वन पीस’मधील तीन तलवारींच्या योद्ध्याचे नाव जपानीत झोरो, अधिकृत अमेरिकन आवृत्तीने ते ‘झोलो’ असे छापले. हौशी गटांनी मात्र झोरो कायम ठेवला, आणि जगातील बहुसंख्य वाचकांच्या तोंडी आज तेच आहे. येथे अनधिकृत तो मुळाशी अधिक एकनिष्ठ ठरला. दुसरीकडे याच हौशी मंडळींनी ‘नाकामा’ हा शब्द भाषांतरच न करता तसाच ठेवला. कारण काय, तर इंग्रजीत त्या जिव्हाळ्याचा शब्द नाही म्हणे. इंग्रजीत नसेल, आणि हे म्हणणेही आम्हांस थोडे भाबडे वाटते, कारण नाकामा हा जपानीतील साधा, रोजचा शब्द आहे. पण आमच्या मुलीने वहीत त्या जागी काय लिहिले होते? ‘सवंगडी’. एकत्र खेळलेला, एकत्र उनाडलेला, आणि प्रसंगी जीव टाकणारा. हा शब्द वाचून आम्ही वही खाली ठेवली आणि दोन मिनिटे काही वाचले नाही.

येथे आम्हांस जे म्हणावयाचे आहे ते वाङ्मयीन आहे, आणि कायद्याच्या चर्चेत ते नेहमी बाजूस पडते. जपानीवरून मराठी करणे हे जपानीवरून इंग्रजी करण्यापेक्षा काही बाबतींत सोपे असावयास हवे. क्रियापद शेवटी येण्याची रीत दोहोंकडे सारखी. आदराच्या पायऱ्या दोहोंकडे: जपानी माणूस नावापुढे सान, सामा, कुन, चान लावून जे अंतर मोजतो, ते आम्ही राव, पंत, ताई, ‘अहो’, ‘अगं’ आणि ‘तू-तुम्ही-आपण’ यांनी मोजतो. इंग्रजीचा एकटा ‘यू’ हे सारे सपाट करून टाकतो. मग इंग्रजीवरून मराठी करणाराने ती पायरी कोठून आणावी? वहीत एक शिष्य गुरूस पहिल्या पानावर ‘तू’ म्हणतो, तिसऱ्यावर ‘तुम्ही’. दोष मुलीचा नाही. इंग्रजीच्या चाळणीतून जे गळून पडले ते तिला दिसणार कसे? पण चित्र समोर आहे! कोण किती वाकला आहे, कोणाची मान किती ताठ आहे, हे चित्रकाराने काढून ठेवले आहे. त्यावरून ‘तू’ की ‘तुम्ही’ हे ठरविता येते. चित्रकथेच्या भाषांतरकारास शब्दांइतकेच चित्रही वाचावे लागते, आणि घाईत हेच पहिल्याने सुटते.

ध्वनींची गोष्ट तर याहून गोड. जपानी चित्रकथेचे अर्धे काम अनुकरणवाचक शब्द करतात: हृदयाचे ‘दोकी-दोकी’, मेघांचे ‘गोरो-गोरो’. इंग्रजीत यांची फार ओढाताण होते, म्हणून कित्येक गट ते जपानी अक्षरांतच राहू देतात. मराठीस अशी काही अडचण नाही. धडधड, गडगड, सळसळ, झुळझुळ, लुकलुक, चुरचुर. ज्या गोष्टीस आवाजच नाही तिलाही आम्ही नाद दिलेला आहे. या एका कारणासाठी तरी मांगाचे खरे घर इंग्रजीपेक्षा मराठीत आणि कोंकणीत अधिक चांगले बसेल असे आमचे मत आहे.

पण बसविणार कोण? स्कॅनलेशनवाल्यांचा सर्वांत मानाचा नियम, अधिकृत प्रकाशक आला की बाजूस व्हावे, हा मोठ्या भाषांचा नियम आहे. इंग्रजीत प्रकाशक येतो, म्हणून तेथे बाजूस होण्यास अर्थ आहे. ‘वन पीस’ मराठीत आणण्यास जपानचा प्रकाशक निघाला असल्याची वार्ता नाही. कोंकणीत तर त्याहून नाही. ज्याची वाट पाहावयाची तो पाहुणा येणारच नसेल, तर जागा रिकामी करण्याचे पुण्य कोणाच्या पदरी? आमच्या १९५७ च्या कायद्याने याचा थोडा विचार केला होता. बत्तिसावे कलम असे सांगते की, वाङ्मयीन वा नाट्यकृती प्रसिद्ध झाल्यास सात वर्षे लोटल्यावर कोणाही इसमास योग्य त्या अधिकाऱ्याकडे भाषांतराचा परवाना मागता येतो आणि लेखकास मोबदला देऊन ते प्रसिद्ध करता येते. दार आहे, पण ते मुख्यतः अक्षरग्रंथांसाठी आहे, चित्रमय कृतींस आणखी अटी लागू होतात, आणि रामपायलीच्या मुलीने सहा वाचकांसाठी त्या दाराशी जाऊन उभे राहावे असे कोणी म्हणणार नाही.

चढाओढीचेही तसेच. इंग्रजीत दोन गट भांडतात म्हणून एकाची चूक दुसरा दाखवितो. मराठीत दुसरा गटच नाही. जी एक वही निघेल तीच प्रमाण. तिच्यातील ‘तू’ चुकला तर तो चुकलेलाच राहणार. म्हणून आमच्यासारख्या भाषांत आगंतुकाची जबाबदारी हलकी होत नाही, उलट वाढते. त्यास टोकणारा प्रतिस्पर्धी नाही आणि हटविणारा मालक नाही. त्याने स्वतःच मूळ चित्रकाराचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिले पाहिजे, मधल्या इंग्रजी गटाचे त्याखाली, आणि आपले सर्वांत शेवटी, लहान.

हे आम्ही निघण्याच्या आदल्या रात्री त्या मुलीस याहून पुष्कळ कमी शब्दांत सांगितले. तिने आतेभावास फोन लावला. काय बोलणे झाले ते आम्हांस कळले नाही. आवाज चढले एवढे खरे. सकाळी मुखपृष्ठावर नवा कागद चिकटविलेला होता. वर ओदा यांचे नाव, त्याखाली ‘इंग्रजीवरून’ एवढेच, कारण त्या गटाचे नाव ती विसरली होती. मग तिने आम्हांस एक अडलेला शब्द विचारला. जपानी चित्रकथेत कोणीही बोलत नाही, काहीही हलत नाही, अशा प्रसंगी हवेत ‘शीऽऽन’ असे लिहितात; शांततेचाच आवाज. याला मराठीत काय लिहावे? आम्ही बराच विचार करून ‘सुन्न’ सुचविले. तिला ते पुस्तकी वाटले. धाकटा भाऊ ताटावरून उठता उठता म्हणाला, “चिडीचूप लिही ना, ताई.” तिने तेच लिहिले.